घड्याळातली एकोणतीस तारीख

मी त्याला दादा म्हणते आणि तो मला ताई म्हणतो. आमच्या दोघांत मोठं कोण, हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि कोणाचे केस जास्त पिकलेत याचा अंदाज घेत चहा पितो. मला तेव्हा भारी राग येतो. खरं म्हणजे तो माझ्यापेक्षा चांगला सव्वासहा वर्षांनी मोठा आहे. पण वाढदिवस मोजायचे म्हटले, तर माझे एकोणचाळीस झालेत आणि त्याचे अकरा.

दादाचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. ही तारीख चार वर्षांतून एकदा येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण अशा दिवशी ज्या घरात मूल जन्मतं त्या घराचं काय होतं हे कोणी विचारत नाही. मधल्या तीन वर्षांत वाढदिवस करायचा कधी? आई म्हणायची, पोरगा फेब्रुवारीत झालाय, तेव्हा अठ्ठावीसला. वडील म्हणायचे, तो अठ्ठावीसच्या दुसऱ्या दिवशी झालाय, तेव्हा एक मार्चला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे कोणीच हटेना. शेवटी तडजोड निघाली. अठ्ठावीसच्या संध्याकाळी आई अर्धा केक कापायची आणि उरलेला अर्धा वडील एक तारखेला सकाळी कापायचे. दादा सांगतो की दोन अर्ध्यांचा मिळून एक वाढदिवस होतो असं त्याला कधी वाटलं नाही. पण हे तो आत्ता सांगतो. तेव्हा गप्प बसून दोन्ही वेळा खायचा.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वडील आमची उंची पेन्सिलीनं मांडत. माझ्या खुणा दरवर्षीच्या, एकमेकींना चिकटून. त्याच्या फक्त चार, मध्ये हात-हातभर जागा सोडून. चौकट पाहिली की वाटायचं, हा पोरगा चार-चार वर्षं वाढत नाही आणि मग एका दिवसात उडी मारतो.

वडिलांच्या मनाला मात्र ते लागलं होतं. बाकीच्या पोरांना दरवर्षी काहीतरी मिळतं आणि आपल्याला चार वर्षं वाट बघायला लागते, असं या पोराला वाटू नये म्हणून त्यांनी घरात एक कायदा केला. एकोणतीस तारखेला दादा जे मागेल ते द्यायचं, घरात कोणी नाही म्हणायचं नाही. मात्र इतर दिवशी त्यानं काही मागायचं नाही. कायद्याचा हा दुसरा भाग वडील हसत हसत बोलले होते. दादानं तो खरा धरला.

चौथ्या वर्षी, म्हणजे पहिल्या वाढदिवसाला, त्यानं टेबलावरचं गजराचं घड्याळ उघडायला मागितलं. वडिलांनी शब्द दिला होता, त्यांनी स्वतः पेचकस आणून दिला. संध्याकाळपर्यंत त्या घड्याळाचा चुरा पत्र्याच्या डब्यात जाऊन बसला आणि आई वर्षभर शेजारणीला वेळ विचारत राहिली. आठव्या वर्षी त्यानं शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे नुसतं बघत बसायची परवानगी मागितली. बाराव्या वर्षी डोळ्याला लावायचं भिंग मागितलं आणि त्याच आठवड्यात डब्यातलं घड्याळ जोडून चालू केलं. सोळाव्या वर्षी त्यानं शाळा सोडून घड्याळजीच्या हाताखाली बसायचं मागितलं. तेव्हा आई रडली, वडिलांचा चेहरा उतरला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण शब्द दिलेला होता, तो त्यांनी पाळला.

आता मी ताई कशी झाले ते सांगते. मला ते आठवत नाही, आईनं सांगितलेलं आहे. घरात मला सगळे छोटी म्हणत. माझा तिसरा वाढदिवस होता, दादा नऊ वर्षांचा. त्यानं बोटं मोजली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की हिचे तीन झाले आणि माझे दोनच आहेत, म्हणजे ही आता माझ्याहून मोठी, आजपासून मी हिला ताई म्हणणार. सगळे पोट धरून हसले. दोन दिवसांत विसरेल म्हणाले. तो विसरला नाही. हळूहळू आईसुद्धा ताई म्हणायला लागली, मग गल्ली, मग बाजार. छोटी कधी गेली ते मलाही कळलं नाही. माझ्या लेकीला या जानेवारीत बारा पूर्ण झाली आणि तिनंही मामाला मागे टाकलं, तेव्हा मलाही ताई म्हण म्हणून ती त्याच्यामागे लागली. तो म्हणाला, एका घराला एकच ताई पुरे, तिचंच ऐकता ऐकता दमलोय.

हे थट्टेनं म्हणत असला तरी खोटं नव्हतं. मी चौदा वर्षांची असताना वडील गेले. दादा वीस वर्षांचा. त्या दिवसापासून घरात काही ठरवायचं असलं की तो माझ्यासमोर येऊन बसायचा आणि विचारायचा, ताई, काय करायचं? मी तावातावानं काहीतरी सांगायची आणि तो ते करायचा. मला वाटायचं घर मीच चालवतेय. मी सतरा वर्षांची झाले तशी आई म्हणायला लागली की आता शिक्षण पुरे. तेवढ्यात दादाचा सहावा वाढदिवस आला. त्या दिवशी त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. ताईला पुढे शिकू दे, एवढंच म्हणाला. आई वडिलांच्या फोटोकडे बघत राहिली आणि मग हो म्हणाली. आज मी शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसून लोकांना अर्ज नीट भरा म्हणून दटावते, ती त्याच्या एका वाढदिवसावर. चार वर्षं थांबून आलेला एक दिवस त्यानं मला देऊन टाकला, हे मी विसरणं शक्य नाही.

म्हाताऱ्या घड्याळजीनंतर दुकान दादाचंच झालं. दुकान कसलं, एका माणसानं आत बसायचं आणि एकानं बाहेर उभं राहायचं. पुढे काचेचा काउंटर, त्याच्या मागे उतरतं टेबल, टेबलाला कड लावलेली, कारण खाली पडलेला स्क्रू सापडायला अर्धा दिवस जातो. भिंतीवर खिळ्यांची फळी. दुरुस्त होऊन मालकाची वाट बघणारी घड्याळं त्या फळीवर चालू स्थितीत टांगलेली असतात. मालकाच्या हातात बंद घड्याळ द्यायचं नाही आणि चुकीच्या तारखेचं तर मुळीच द्यायचं नाही, हा दादाचा नियम.

तारखेचं असं आहे की चावीच्या घड्याळाला महिने कळत नाहीत. त्याच्या आत एक ते एकतीस आकड्यांची चकती असते, ती रोज एक घर पुढे जाते. महिना तीस दिवसांचा असला तरी ती बापडी एकतीस दाखवते आणि फेब्रुवारी संपला तरी खिडकीत एकोणतीस येतो. मग बाजूची चावी जरा ओढून चकती पुढे सरकवावी लागते. वर्षातून पाच वेळा, जो जो महिना एकतीसचा नसतो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दादा दुकान उघडल्याबरोबर आधी फळीवरच्या सगळ्या घड्याळांच्या तारखा दुरुस्त करतो. माझं मनगटावरचंही तोच करतो. मी नुसता हात पुढे करते. शाळेला जाता जाता माझा तेवढा एक थांबा.

आणि या पाच दिवशी आणखी एक जण तिथे थांबत. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई.

बाई एक्केचाळीस वर्षांच्या. त्यांचे वडील होते तोवर त्यांचं दुखणं बघण्यात वर्षं गेली आणि ते गेल्यावर घरी बाई आणि वडिलांचं मोठं, पुरुषी, तारखेच्या खिडकीचं घड्याळ, एवढंच राहिलं. ते त्या स्वतःच्या मनगटावर बांधतात. सात वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा दादाकडे आणलं आणि तेव्हापासून एक मार्च, एक मे, एक जुलै, एक ऑक्टोबर आणि एक डिसेंबर, सकाळी साडेनऊला बाई काउंटरपाशी हजर. तारीख चुकतेय हो, जरा बघता का. दादा भिंग लावतो, चावी ओढतो, फिरवतो. अर्ध्या मिनिटाचं काम. बाईंना तिथून निघायला पंधरा मिनिटं लागतात.

मी तोंडाची फटकळ आहे. एकदा शाळेत विचारलंच की ज्या बाई पृथ्वी सूर्याभोवती किती दिवसांत फिरते ते फळ्यावर काढून दाखवतात, त्यांना एक चावी फिरवता येत नाही? बाई म्हणाल्या, फार घट्ट आहे हो ती. पुढे एका दुपारी त्यांचं घड्याळ टेबलावर पडलेलं होतं. मी चावी ओढून पाहिली. लोण्यात बोट जावं तशी आली. मी मुकाट्यानं परत दाबली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सात वर्षं नेमानं लपवणारी हीच एक.

दादाच्या बाजूनंही घोडं तिथेच पेंड खात होतं. बाईंचं नाव काढलं की तो टेबलावर काहीतरी शोधायला लागायचा. शेवटी मागच्या वर्षी, अकरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा, माझ्यासमोर बसून म्हणाला, ताई, त्या दिवशी विचारतो त्यांना. मी त्याला नवा शर्ट आणून दिला. एकोणतीसला सकाळी तो घालून दुकानात बसला. पण चार वर्षांतून एकदा येणारा वाढदिवस साऱ्या बाजाराला आपल्या घरचाच वाटतो. सलूनवाला आला, वह्या-पुस्तकांचा दुकानदार आला, शाळेची निम्मी पोरं मामाचे अकरा पूर्ण झाले म्हणून ओरडत आली. बाईही आल्या. त्या दिवशी त्यांच्या घड्याळात तारीख अगदी बरोबर होती, काही निमित्त नव्हतं, तरी आल्या. पायरीवर उभ्या राहिल्या, गर्दीच्या डोक्यांवरून एक पेन त्याच्या हातात दिलं, आणि गेल्या. संध्याकाळी मी विचारलं तर हा म्हणतो, आज जमलं नाही, पुढच्या वाढदिवसाला. मी तो शर्ट त्याच्या अंगावरून उतरवून घेणार होते.

आता या फेब्रुवारीची गोष्ट. आमच्याच संस्थेची दुसऱ्या गावी शाळा आहे, बसनं पाच तासांवर. तिथली मुख्याध्यापिकेची जागा बाईंना देऊ केली. तो कागद माझ्याच हातून गेला. होकार किंवा नकार, सही करून एक मार्चला दुपारी बारापर्यंत ऑफिसात. बाईंनी चार दिवस तो टेबलाच्या खणात ठेवला. अठ्ठावीसला मी आठवण केली, तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, उद्या सकाळी घड्याळ दाखवून येते, मग सही करते.

याच्यापुढे बाईमाणसानं स्वतःहून आणखी काय बोलायचं? मी शाळा सुटल्याबरोबर तशीच दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. दादाच्या हातातला चिमटा थांबला. मग म्हणाला, चांगलं झालं की, त्या मुख्याध्यापिका व्हायलाच हव्यात. मी म्हटलं, मग उद्या विचार. तो म्हणाला, उद्या कसं विचारणार, अजून तीन वर्षं आहेत. त्यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता, इतकी मी बोलले.

दादानं ऐकून घेतलं. मग भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुठल्या दिवशी मी कधी काही मागितलंच नाही गं. त्या दिवशी मागितलं की मिळतं, एवढंच मला माहीत आहे. इतर दिवशी नाही म्हणाल्या तर?"

पंचेचाळिसाव्या वर्षात असलेला माणूस, आणि चार वर्षांच्या पोरासारखा तो कायदा धरून बसलेला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी पर्स उचलून घरी आले.

सकाळी डब्याची गडबड. लेक म्हणाली, काल खोकल्यामुळे गृहपाठ झाला नाही, चिठ्ठी दे. मी पोळपाटाजवळच कागद ओढला, तारखेसाठी मनगटाकडे पाहिलं, लिहिलं आणि दिली. ती वाचून म्हणाली, "आई, एकोणतीस फेब्रुवारी काय लिहितेस? या वर्षी नाहीये ती. शाळेच्या ऑफिसात बसतेस ना तू?"

मी पुन्हा मनगटाकडे पाहिलं. खिडकीत ठसठशीत एकोणतीस. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन वर्षं लांब असलेल्या दिवसासाठी हा माणूस झुरत होता आणि तोच दिवस त्याच्या दुकानात, त्याच्याच फळीवर टांगलेला होता. मी नवऱ्याला सांगितलं, डबे तुम्ही भरा, आणि चपला पायात सरकवल्या. पीठ हाताला तसंच होतं.

दुकानाशी पोचले तेव्हा शटर वर गेलेलं होतं. दादा फळीपाशी उभा. पहिलं घड्याळ हातात, चावी ओढलेली, आता फिरवणार. मी ते त्याच्या हातातून काढूनच घेतलं आणि चावी दाबली. आज एकाही घड्याळाची तारीख हलवायची नाही, असं सांगितलं. त्याला वाटलं मला बरं नाही. मग मी त्याला फळी दाखवली. चौदा घड्याळं खिडकीची होती, चौदांतही एकोणतीस. माझं पंधरावं. भिंतीवर कोणाचं तरी मोठं दुरुस्तीला आलेलं होतं, ते सोळावं.

तो हसला. म्हणाला, ताई, घड्याळाला फेब्रुवारी कळत नाही, म्हणून दाखवतंय ते.

"तुला तरी कुठे कळतो?" मी म्हटलं. "आईनं अठ्ठावीस धरला, वडिलांनी एक धरला. तू घड्याळजी आहेस, तू घड्याळाचं धर. दरवर्षी तुझा दिवस येतो आणि दरवर्षी तू स्वतःच्या हातानं तो पुढे ढकलतोस."

त्यानं फळीवरून नजर फिरवली. मग म्हणाला की ही पळवाट झाली. तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "पस्तीस वर्षं मला ताई म्हणतोस ना? मग मोठीचं ऐकायचं. मी सांगतेय, आज तुझा वाढदिवस आहे."

 तो स्टुलावर बसला. मी टेबलामागच्या खोक्यावर बसले. तो अर्धा तास मला फार लांब गेला. चौदा घड्याळं टिकटिकतात तेव्हा वेळ लवकर जातो असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा तिथे बसून बघावं.

साडेनऊला बाई आल्या. नेहमीसारखंच घड्याळ काढून काचेवर ठेवलं. तारीख चुकतेय हो, जरा बघता का. मला पाहून थोड्या थबकल्या. मी बाहेर जायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मला कोणी जा म्हणालं नाही आणि स्वतःहून जाणाऱ्यातली मी नाही.

दादानं भिंग डोळ्याला लावलं. घड्याळ हातात घेतलं, चावी ओढली आणि ती परत दाबून घड्याळ काचेवर ठेवलं.

"यात एकोणतीस आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आज माझा वाढदिवस आहे."

बाईंनी फळीकडे पाहिलं, सगळी घड्याळं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. भूगोल शिकवणारी बाई. वाद घालायचा तर घालता आला असता. त्या म्हणाल्या, "आहे खरा."

"आमच्या घरात या दिवशी मागितलेलं नाही म्हणत नाहीत. तुम्हांला आमच्या घरचा कायदा लागू नाही, ते माहीत आहे मला."

"आधी मागा तरी," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता हा म्हणणार, जाऊ नका. मलाही तेच हवं होतं. बाईंनी नकारावर सही करावी, दादाच्या घरी यावं आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर राहावं. दादानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग भलतंच विचारलं.

"तिथे, शाळेच्या आसपास, घड्याळं दुरुस्त करणारा कोणी आहे का?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसल्याही. म्हणाल्या, "असला तरी माझं घड्याळ मी त्याच्या हातात देणार नाही."

"मग मी येऊ तुमच्याबरोबर? लग्न करून?"

"या," बाई म्हणाल्या. "सात वर्षं झाली. चावी अजिबात घट्ट नाही ती."

दादाच्या डोळ्यावर भिंग तसंच होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यानं एका डोळ्यानं बाईंना पार पुसट बघत मागितली. मी खोक्यावर बसून रडत होते आणि हसत होते, आणि पिठाच्या हातानं डोळे पुसल्यामुळे पुढचं मला नीट दिसलं नाही. बाराला पाच कमी असताना बाईंनी ऑफिसात येऊन होकारावर सही केली. तारखेच्या जागी त्यांनी एक मार्च लिहिलं, कारण ऑफिसच्या कागदाशी खेळ नको. मनगटावर मात्र एकोणतीसच होतं.

संध्याकाळी भांडी घासताना मला उमगलं की मी काय करून बसले. भावासाठी बायको शोधायला निघाले होते आणि भाऊच पाच तास लांब पाठवून दिला. जन्मापासून माझ्या हाकेच्या अंतरावर असलेला, आईच्या मागे माझं माहेर म्हणून उरलेला माणूस. मी नळ सोडून जरा वेळ तशीच उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, आनंद झालाय. तो खरंच झाला होता. दुसरंही झालं होतं.

एप्रिलमध्ये दोघांनी नोंदणी ऑफिसात सह्या केल्या. तिथल्या कारकुनानं दादाची जन्मतारीख दोनदा वाचली आणि अशी तारीख असते का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे दरवर्षी असते. आता बाईंना वहिनी म्हणायचं की धाकट्या भावाची बायको म्हणून नावानं हाक मारायची, यावर माझ्या लेकीनं बराच घोळ घातला. मी वहिनीच म्हणते. वहिनी मला ताई म्हणतात. पाहुण्यांचा गोंधळ आणखी वाढला आहे.

मेच्या शेवटी दुकान आवरलं. फळीवर एकही घड्याळ उरलं नव्हतं, प्रत्येक मालकाला त्यानं घरी नेऊन दिलं. टेबल टेम्पोत चढलं. खिळ्यांची रिकामी फळी काढायला मीच मदत केली. वहिनी टेम्पोवाल्याला रस्ता समजावत होत्या. दादा माझ्याकडे आला, तसा मी सवयीनं हात पुढे केला. त्यानं घड्याळ माझ्या मनगटावरून सोडवलं आणि माझ्याच तळहातावर ठेवलं.

म्हणाला, आता शिकून घे. चावी एक टप्पा ओढायची. दोन ओढलीस तर घड्याळ थांबेल. मग हळूहळू पुढे फिरवायची, एका वेळी एक आकडा. ती मागे जात नाही, एक आकडा जास्त गेला तर अख्खा महिना फिरवून यावं लागतं. त्यानं माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाखवलं.

"जमेल ना, छोटे?"

पस्तीस वर्षांहून जास्त काळात त्यानं मला ही हाक मारली नव्हती. माझ्या लक्षातही नव्हतं की मला ती हवी होती. चाळिशीला टेकलेली, पोरीची आई असलेली, अर्ज नीट भरले नाहीत तर लोकांना परत पाठवणारी मी, भर बाजारात रिकाम्या दुकानापुढे उभी राहून हुंदके द्यायला लागले. त्यानं मला मोठं केलं होतं ते मी कुठे भिऊ नये म्हणून, आणि जाता जाता तो मोठेपणा क्षणभर परत घेतला तो मला लहान होऊन रडता यावं म्हणून. दादा होता तो माझा. कायम तोच मोठा होता.

"जमेल, दादा," मी म्हटलं.

जमलं नाही. एक जुलैला सकाळी ऑफिसात बसून चावी ओढली, फिरवली, आणि एकच्या जागी दोन आला. मग तीनपासून एकतीसपर्यंत सगळ्या तारखा एकेक करून फिरवत बसले. एकापाशी पोचले तेवढ्यात शिपायानं चहा आणला, माझं लक्ष गेलं आणि पुन्हा दोन. मी दादाला फोन लावला आणि त्याच्या घड्याळांचा उद्धार केला. मागे वहिनींचं हसू ऐकू येत होतं. तो म्हणाला, फिरव पुन्हा, ताई, महिना कुठे पळून जात नाही.

मी पुन्हा फिरवली. आता येते. फक्त येत्या एक मार्चला मी चावीला हात लावणार नाही. शाळेत कोणी तारीख विचारली तर मनगट पुढे करीन.